ग्लू स्प्रेडरचे अंशशोधन : प्लायवूडच्या कीड-संरक्षणाचा पाया

फवारणी पंपाचे अंशशोधन म्हणजेच कॅलिब्रेशन हा विषय विस्तार कार्यकर्त्यांना आणि प्रगतशील शेतकऱ्यांना परिचित आहे. एका हेक्टरवर प्रत्यक्षात किती द्रावण पडते, हे मोजल्याशिवाय पंपात किती कीटकनाशक घालावे हे ठरविता येत नाही. लेबलवरील मात्रा अचूक असली आणि पंपातून द्रावण कमी-अधिक पडत असेल, तर पिकाला मिळणारी मात्रा चुकीचीच असते.

हेच तत्त्व प्लायवूड कारखान्यातील एका यंत्रालाही तंतोतंत लागू पडते. ते यंत्र म्हणजे ग्लू स्प्रेडर. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना, म्हणजे व्हिनियरला, ग्लू लावण्याचे काम ते करते. प्लायवूडला भुंगेरे व वाळवी लागू नये यासाठी ग्लूमध्येच कीटकनाशक मिसळण्याची पद्धत रूढ आहे. अशा वेळी ग्लू स्प्रेडर हा एक प्रकारे फवारणी पंपच ठरतो. कीटकनाशकाची मात्रा मिश्रणाच्या टाकीत ठरते असे मानले जाते. वास्तविक ती यंत्राच्या रोलरवर ठरते. प्रस्तुत लेखात या यंत्राच्या अंशशोधनाची पद्धत, त्यामागील गणित आणि रायपूर परिसरातील हवामानात घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

शेतकऱ्याचा या विषयाशी संबंध

सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर वनक्षेत्रातील वृक्षतोडीवर कडक बंधने आली आणि देशातील प्लायवूड उद्योग मोठ्या प्रमाणावर शेतातील लाकडाकडे वळला. हरियाणातील यमुनानगरचा उद्योग पॉपलर व निलगिरीवर, तर केरळमधील पेरुंबावूरचा उद्योग प्रामुख्याने रबराच्या लाकडावर उभा आहे. छत्तीसगडमध्ये २१ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजनेत खासगी जमिनीवरील लागवडीसाठी क्लोनल निलगिरी आणि मिलिया डुबिया म्हणजेच मलबार निंब या प्रजातींचा समावेश करण्यात आला. या दोन्ही प्रजातींचे लाकूड सोलून व्हिनियर काढता येते.

जलद वाढणाऱ्या या झाडांच्या लाकडात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते आणि रसकाष्ठातच पिष्टमय पदार्थ साठलेले असतात. लिक्टस या भुंगेऱ्याच्या अळ्यांना लाकडातील सेल्युलोज पचत नाही. त्या पिष्ट व शर्करा यांवर जगतात. त्यामुळे पिष्टयुक्त रसकाष्ठ हे या किडीचे आवडते खाद्य आहे. तयार फळीवर १ ते २ मिलिमीटर व्यासाची छिद्रे आणि त्यांखाली मैद्यासारखी बारीक भुकटी दिसली की प्रादुर्भाव लिक्टसचा असल्याचे ओळखावे. सायनोक्सायलॉन व हेटेरोबोस्ट्रिकस या भुंगेऱ्यांची छिद्रे याहून मोठी असतात. वाळवीचा धोका तर सर्वत्र आहेच.

गरम दाबयंत्रातील उष्णतेने व्हिनियरमधील जिवंत अळ्या मरतात. मात्र ही उष्णता पुढील काळासाठी कोणतेही संरक्षण देत नाही. गोदामात, दुकानात किंवा घरात नवीन मादी येऊन अंडी घालू शकते. फळी पोखरली गेल्यास ग्राहक ग्लूच्या थराची चौकशी करीत नाही. तो लाकडाला दोष देतो. एखाद्या भागातील लाकडाला कीड लागते असा समज बाजारात रूढ झाला, की त्याचा फटका लागवड करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला भावाच्या रूपाने बसतो. म्हणूनच कारखान्यातील हे मोजमाप शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.

यंत्राची रचना

सर्वसाधारण ग्लू स्प्रेडरमध्ये चार रोलर असतात. रबराचे आवरण आणि बारीक खाचा असलेले दोन रोलर वर व खाली असतात. व्हिनियर त्यांच्यामधून जाताना त्याच्या दोन्ही बाजूंना ग्लू लागतो. प्रत्येक रबरी रोलरला लागून एक गुळगुळीत पोलादी रोलर असतो. त्याला डॉक्टर रोलर म्हणतात. रबरी रोलर आणि डॉक्टर रोलर यांच्यातील फटीतून जेवढा ग्लू पुढे जातो, तेवढाच व्हिनियरला लागतो. ही फट दोन्ही टोकांच्या हातचाकांनी कमी-जास्त करता येते.

ग्लूच्या थराचे प्रमाण तीन गोष्टींवर अवलंबून असते : डॉक्टर रोलरची फट, रबरी रोलरवरील खाचांची स्थिती आणि ग्लूचा घट्टपणा. यांपैकी एकही गोष्ट दिवसभर स्थिर राहत नाही. म्हणून हातचाकावरील खूण पाहून मात्रा बरोबर आहे असे गृहीत धरणे योग्य नाही.

चाचणीपूर्वीची तयारी

१. आदल्या पाळीचा वाळलेला ग्लू रोलरच्या खाचांतून पूर्णपणे काढावा. बुजलेल्या खाचा कमी ग्लू वाहून नेतात.

२. डॉक्टर रोलरची फट डाव्या व उजव्या टोकाला फीलर गेजने मोजून समान करावी.

३. ग्लूचा घट्टपणा फ्लो कपने तपासावा. कप रिकामा होण्यास लागलेले सेकंद आणि ग्लूचे तापमान या दोन्ही नोंदी एकत्र ठेवाव्यात. तापमानाशिवाय सेकंदांची नोंद निरुपयोगी ठरते.

४. चाचणीसाठी नेहमीच्या उत्पादनातील, समान जाडीच्या व योग्य वाळलेल्या व्हिनियरचे ३० × ३० सेंटिमीटरचे किमान नऊ तुकडे कापून त्यांवर क्रमांक लिहावेत. प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर होते.

५. वजनासाठी किमान अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखविणारा काटा वापरावा. धान्य तोलण्याचा काटा येथे चालत नाही.

अंशशोधनाची कृती

प्रथम यंत्र सुरू करून काही टाकाऊ व्हिनियर त्यातून न्यावेत, म्हणजे रोलरवर ग्लूचा थर स्थिर होतो. त्यानंतर वजन केलेले तीन तुकडे अनुक्रमे रोलरच्या डाव्या, मधल्या व उजव्या भागातून न्यावेत. बाहेर पडताच प्रत्येक तुकड्याचे पुन्हा वजन करावे. यात विलंब झाल्यास ग्लूमधील पाणी उडून वजन कमी भरते. हीच कृती तीन वेळा करून प्रत्येक भागाची सरासरी काढावी.

सूत्र सोपे आहे. ग्लू लावल्यानंतरच्या वजनातून आधीचे वजन वजा करून येणाऱ्या ग्रॅमला चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने भागावे. दोन्ही बाजूंना ग्लू लागलेला असल्याने येणारा आकडा दुहेरी ग्लू-थराचा असतो. एका बाजूचा आकडा हवा असल्यास त्याची निम्मी किंमत घ्यावी. एकेरी व दुहेरी आकड्यांची गल्लत ही या कामातील नेहमीची चूक आहे. नोंदवहीत कोणता आकडा लिहिला आहे हे स्पष्ट नमूद करावे. युरिया फॉर्माल्डिहाइड ग्लूसाठी दुहेरी थराचे प्रमाण साधारणपणे दर चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम या दरम्यान ठेवले जाते. नेमके प्रमाण लाकडाची प्रजाती, व्हिनियरचा खडबडीतपणा आणि ग्लू उत्पादकाची शिफारस यांवरून ठरवावे.

उदाहरणादाखल, ३५० ग्रॅम हे उद्दिष्ट धरून केलेल्या चाचणीत पुढील वाढ आढळली असे समजू :

डावा भाग : २७.० ग्रॅम, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम
मधला भाग : ३१.५ ग्रॅम, म्हणजे ३५० ग्रॅम
उजवा भाग : ३६.० ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅम

तिन्हींची सरासरी ३५० ग्रॅम येते. केवळ सरासरी पाहणाऱ्यास यंत्र निर्दोष वाटेल. प्रत्यक्षात फळीच्या एका कडेला उद्दिष्टापेक्षा १४ टक्के कमी आणि दुसऱ्या कडेला तेवढाच अधिक ग्लू, व त्याबरोबर कीटकनाशकही, लागत आहे. किडीला फळीची सरासरी मात्रा भेटत नाही. ती ज्या जागी पोखरते तेथील मात्रा भेटते. म्हणून सरासरीआधी तिन्ही भागांतील फरक पाहावा. या उदाहरणात डाव्या टोकाची फट किंचित वाढवून व उजव्या टोकाची कमी करून चाचणी पुन्हा घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा. फट, ग्लूचा घट्टपणा आणि रोलरचा वेग एकाच वेळी बदलल्यास परिणाम कशामुळे झाला हे कळत नाही.

वरच्या व खालच्या रोलरमधील फरक शोधण्यासाठी दोन पातळ व्हिनियर एकावर एक ठेवून एकदमच यंत्रातून न्यावेत. वरच्या व्हिनियरला फक्त वरच्या रोलरचा आणि खालच्या व्हिनियरला फक्त खालच्या रोलरचा ग्लू लागतो. दोन्हींचे स्वतंत्र वजन केल्यास तफावत लगेच स्पष्ट होते.

दिवसअखेरची पडताळणी

तुकड्यांची चाचणी त्या क्षणाची स्थिती सांगते. संपूर्ण पाळीचे चित्र मिळण्यासाठी वापरलेला ग्लू आणि ग्लू लावलेले क्षेत्र यांचा मेळ घालावा. समजा, एका पाळीत एकूण १९५ चौरस मीटर व्हिनियरला दोन्ही बाजूंनी ग्लू लावला. ३५० ग्रॅमप्रमाणे ६८.२५ किलो ग्लू लागावयास हवा. प्रत्यक्षात ६० किलोच लागला असेल, तर सरासरी थर सुमारे ३०८ ग्रॅमचा झाला. सकाळची चाचणी बरोबर येऊनही असा फरक आढळल्यास दिवसभरात यंत्राची किंवा ग्लूची स्थिती बदलली, असा निष्कर्ष निघतो. क्षेत्र मोजताना कडा छाटण्यापूर्वीचे माप घ्यावे आणि टाकीत व यंत्रात उरलेला ग्लू वजा करावा.

कीटकनाशकाच्या मात्रेचे गणित

पुढील आकडे केवळ गणित समजावे यासाठी घेतले आहेत. ती शिफारस नाही. समजा, एक किलो ग्लूमध्ये १ ग्रॅम क्रियाशील घटक आहे. पाच थरांच्या फळीत दोन व्हिनियरना दोन्ही बाजूंनी ग्लू लावला जातो. दुहेरी थर ३५० ग्रॅमचा असल्यास फळीच्या एका चौरस मीटरमध्ये ७०० ग्रॅम ग्लू आणि ०.७ ग्रॅम क्रियाशील घटक जातो. फळी ९ मिलिमीटर जाडीची असेल, तर एक चौरस मीटरचे घनफळ ०.००९ घनमीटर होते आणि मात्रा दर घनमीटरला सुमारे ७८ ग्रॅम येते.

आता हाच ग्लू आणि हाच थर ठेवून, जाड व्हिनियर वापरून पाच थरांचीच १२ मिलिमीटरची फळी तयार केल्यास मात्रा सुमारे ५८ ग्रॅमवर येते. तीच १२ मिलिमीटरची फळी सात थरांची असल्यास तीन व्हिनियरना ग्लू लागतो आणि मात्रा ८७.५ ग्रॅम होते. फळीची रचना बदलली की मात्रा बदलते, हे यावरून ध्यानात यावे. याशिवाय जाड व्हिनियरचा मध्यभाग ग्लूच्या थरापासून दूर राहतो आणि कीटकनाशक तेथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. सबब, या पद्धतीत व्हिनियर शक्यतो पातळ असावेत.

टाकीत ऐनवेळी पाणी घालण्याचा परिणाम याहून गंभीर असतो. १०० किलो ग्लूमध्ये १०० ग्रॅम क्रियाशील घटक असताना, ग्लू घट्ट झाला म्हणून १० लिटर पाणी घातले, तर प्रत्येक किलोत १ ग्रॅमऐवजी ०.९१ ग्रॅम उरतो. ग्लू पातळ झाल्याने थरही ३५० वरून, समजा, ३१० ग्रॅमवर येतो. दोन्ही घटींचा एकत्रित परिणाम म्हणून मात्रा जवळजवळ २० टक्क्यांनी घटते. टाकीवर लिहिलेले प्रमाण मात्र तेच राहते.

रायपूरच्या हवामानातील दक्षता

रायपूर परिसरात मे महिन्यात दिवसाचे तापमान वारंवार ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते. हार्डनर मिसळलेला युरिया फॉर्माल्डिहाइड ग्लू अशा उष्णतेत लवकर घट्ट होऊ लागतो. सकाळी सात वाजता केलेले अंशशोधन दुपारी दोन वाजता लागू राहील असे मानू नये. उन्हाळ्यात ग्लूचे लहान लहान घाणे तयार करावेत, टाकी सावलीत ठेवावी आणि दुपारच्या पाळीपूर्वी चाचणी पुन्हा घ्यावी. ग्लू लावलेले व्हिनियर उघड्यावर फार वेळ ठेवल्यास थर वाळतो आणि जोड कच्चा राहतो.

पावसाळ्यात परिस्थिती उलट असते. वाळविलेले व्हिनियर हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यांतील ओलाव्यामुळे गरम दाबयंत्रात वाफ होऊन फुगे येतात. ग्लूचा थर बरोबर असूनही फळी सुटत असेल, तर रोलरची फट बदलण्यापूर्वी ओलावामापकाने व्हिनियर तपासावा. हिवाळ्याच्या पहाटे ग्लू थंड व घट्ट असल्याने पहिल्या काही व्हिनियरना अधिक थर लागू शकतो.

अंशशोधन पुन्हा केव्हा करावे

• प्रत्येक पाळीच्या आरंभी
• ग्लूचा नवा घाणा सुरू करताना
• व्हिनियरची जाडी किंवा लाकडाची प्रजाती बदलताना
• जेवणाच्या सुटीनंतर यंत्र पुन्हा सुरू करताना
• रोलर घासून किंवा नवे रबर चढवून बसविल्यानंतर

कीटकनाशकाची निवड व सुरक्षितता

पूर्वी या कामासाठी आल्ड्रिन व क्लोर्डेनसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके वापरली जात. २००१ च्या स्टॉकहोम करारातील दीर्घस्थायी प्रदूषकांच्या मूळ यादीत ही दोन्ही रसायने होती आणि भारतातही त्यांवर बंदी आहे. आज कीटकनाशक निवडताना कीटकनाशक अधिनियम १९६८ नुसार ते या वापरासाठी नोंदणीकृत आहे की नाही, हे प्रथम पाहावे आणि मात्रा लेबलप्रमाणेच ठेवावी. पिकावर फवारण्यासाठी आणलेले औषध परस्पर ग्लूमध्ये ओतू नये.

ग्लूशी सुसंगतता हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. फिनॉल फॉर्माल्डिहाइड ग्लू तीव्र अल्कधर्मी असतो आणि तो अधिक तापमानाला दाबला जातो. क्लोरपायरिफॉससारख्या काही कीटकनाशकांचे अल्कधर्मी माध्यमात विघटन होते. त्यामुळे युरियायुक्त ग्लूमध्ये उपयुक्त ठरलेले कीटकनाशक फिनॉलयुक्त ग्लूमध्ये टिकेलच असे नाही. शिवाय काही मिश्रणे स्थिर राहिल्यास तळाशी साका बसतो. म्हणून टाकीतील ग्लू सतत ढवळत ठेवावा.

कामगारांना रबरी हातमोजे, एप्रन व योग्य मास्क द्यावेत. मात्र फिरत्या रोलरजवळ सैल हातमोजे किंवा सैल कपडे नसावेत. रोलरच्या फटीत बोटे सापडण्याचा धोका असल्याने चाचणीचे तुकडे पुढे ढकलण्यासाठी लाकडी पट्टी वापरावी, आणि सफाई करण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा खंडित करावा. यंत्र धुतलेल्या पाण्यात कीटकनाशक असते. हे पाणी नाल्यात, शेतात किंवा खारून नदीला मिळणाऱ्या ओहोळात सोडू नये. ते साठवून त्याच प्रकारच्या ग्लूच्या पुढील घाण्यात मोजून वापरावे आणि त्यातील पाणी हिशेबात धरावे; उरलेल्याची नियमानुसार विल्हेवाट लावावी.

शेतकरी व विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

रोलरची फट शेतकऱ्याच्या हाती नसते. परंतु थराच्या एकसारखेपणाची सुरुवात त्याच्या शेतातच होते. सरळ, गोल व गाठी कमी असलेल्या ओंडक्यापासून समान जाडीचे व्हिनियर निघते आणि समान जाडीच्या व्हिनियरलाच समान थर लागतो. त्यासाठी योग्य अंतरावर लागवड आणि कोवळेपणीच फांद्यांची छाटणी आवश्यक आहे. तोडणीनंतर ओंडके बांधावर पडू न देता शक्य तितक्या लवकर कारखान्यात पोहोचवावेत. विलंब झाल्यास टोकांना भेगा पडतात आणि छिद्रे पाडणारे भुंगेरे शेतातच शिरकाव करतात.

कारखान्याशी खरेदी करार करणाऱ्या शेतकरी गटांनी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी तेथे चार प्रश्न अवश्य विचारावेत : ग्लूच्या थराची चाचणी किती वेळा घेतली जाते? डाव्या, मधल्या व उजव्या भागांच्या नोंदी स्वतंत्र आहेत काय? कीटकनाशकाची मात्रा फळीच्या घनफळावर मोजली जाते की केवळ टाकीतील प्रमाणावर? आणि घट्ट झालेल्या ग्लूमध्ये पाणी घालण्याबाबत काय नियम आहे? ज्या कारखान्यात या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीतून मिळतात, तेथे शेतकऱ्याच्या लाकडाची पत सुरक्षित आहे असे समजण्यास हरकत नाही.

या साऱ्या कामाला लागते ते एक अचूक वजनकाटा, काही व्हिनियरचे तुकडे आणि प्रत्येक पाळीतील थोडा वेळ. आठ-दहा वर्षे वाढविलेल्या झाडाचे मोल राखण्यासाठी हा खर्च अगदीच अल्प आहे.